वाकवलेले पोलाद जास्त हायड्रोजन पिते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा. उच्च कार्बन पोलादाच्या, थंड अवस्थेत ओढलेल्या ६ मिलिमीटर व्यासाच्या तारेच्या एकाच वेटोळ्यातून काही सरळ तुकडे कापले गेले आणि काहींचे आकडे (हुक) वाकवले गेले. दोन्हींचे हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये एकत्रच पिकलिंग (गंज-पापुद्रा काढण्यासाठी अॅसिडमध्ये बुडवणे) झाले, जस्ताचे प्लेटिंग झाले आणि २०० अंश सेल्सिअसला चार तास बेकिंगही (हायड्रोजन घालवण्यासाठी भट्टीत तापवणे) झाले. सरळ तुकडे शाबूत राहिले. आकड्यांपैकी काही मात्र दोन-तीन दिवसांनी, डब्यात नुसते पडलेले असताना, वाकाच्या आतल्या बाजूने तडकले. अॅसिडमधून पोलादात शिरून त्याला ठिसूळ करणारा हायड्रोजन प्रयोगशाळेच्या अहवालात मात्र दोन्हींत जवळजवळ सारखाच आला. त्यामुळे आपण विचारता की विरूपणाने, म्हणजे ओढून-वाकवून आकार कायमचा बदलल्याने, धातू जास्त हायड्रोजन शोषतो हे खरे आहे की नाही, आणि खरे असेल तर अहवालात ते का दिसले नाही. कोल्ड वर्किंगमुळे (थंड अवस्थेतच केलेल्या अशा विरूपणामुळे) हायड्रोजनचा वेग मंदावतो, असेही आपण कुठेतरी वाचले आहे, आणि या दोन विधानांचा मेळ आपल्याला लागत नाही.

दोन्ही विधाने बरोबर आहेत. आपला अहवालही बहुधा बरोबर आहे. घोटाळा ‘शोषतो’ या एका शब्दात आहे, कारण त्याखाली तीन निरनिराळ्या राशी दडलेल्या असतात: स्फटिकजालकातील अणूंच्या फटींत विरघळलेला हायड्रोजन, जालकातील दोषांना चिकटून बसलेला हायड्रोजन, आणि हायड्रोजन आत-बाहेर जाण्याचा वेग. विरूपणाचा या तिघांवर होणारा परिणाम सारखा नसतो.

प्रथम जालकाकडे पाहू. खोलीच्या तापमानाला, एक वातावरण दाबाच्या हायड्रोजन वायूत ठेवलेल्या शुद्ध लोखंडात समतोल साधल्यावर दर साडेपाच कोटी अणूंमागे हायड्रोजनचा सुमारे एक अणू विरघळतो. लोखंडाला हायड्रोजन मुळात नकोसाच असतो; तो विरघळवायला उष्णता द्यावी लागते, म्हणून तापमान वाढले की विद्राव्यता वाढते. वायूचा दाब चौपट केला तर ती दुप्पट होते, कारण रेणू फुटून सुटे अणू आत शिरतात आणि नाते दाबाच्या वर्गमुळाशी जोडलेले असते. अॅसिडच्या टाकीत पृष्ठभागावर सुट्या अणूंची एवढी गर्दी होते की धातूला जणू शेकडो किंवा हजारो वातावरणांच्या दाबाला तोंड द्यावे लागते. तरीही जालकातील प्रमाण अत्यल्पच राहते.

आता तीच तार डायमधून, म्हणजे साच्याच्या अरुंद भोकातून, ओढली गेली असे समजा. तिच्या आतल्या डिसलोकेशन, म्हणजे अणूंच्या प्रतलांच्या रचनेतील रेषारूप दोष, प्रचंड वाढतात. नीट अॅनील केलेल्या (तापवून सावकाश थंड करून मऊ केलेल्या) पोलादाच्या एका घनसेंटीमीटरमध्ये या रेषांची एकूण लांबी साधारण शंभर ते हजार किलोमीटर भरते. जबर कोल्ड वर्किंगनंतर तीच दहा लाख किलोमीटरच्या घरात जाते, म्हणजे चंद्रापर्यंत जाऊन परत येण्याच्या अंतराहूनही जास्त, आणि ती साखरेच्या एका खड्यापेक्षा थोड्याच मोठ्या तुकड्यात मावलेली असते. या रेषांच्या गाभ्यात अणूंची मांडणी विसकटलेली आणि जागा सैल असते, म्हणून हायड्रोजनला तिथे बसणे ऊर्जेच्या दृष्टीने परवडते. अशा जागांना आमच्या विषयात ‘सापळे’ म्हणतात. रेषेच्या प्रत्येक अणूच्या अंतराला एक सापळा धरला तर जबर विरूपित लोखंडात दर २१ हजार अणूंमागे एक जागा तयार होते. वस्तुमानात सांगायचे तर या सगळ्या जागा मिळून सुमारे ०.८ पीपीएम (दहा लाख भागांत ०.८ भाग) हायड्रोजन सामावू शकतात, तर एक वातावरण दाबाला जालकाची क्षमता आहे सुमारे ०.०००३ पीपीएम. अडीच हजार पटींचा हा फरक आहे. हा वरच्या मर्यादेचा हिशेब आहे, प्रत्यक्षात मोजलेली संख्या बरीच कमी येते. पण चित्र तेच राहते.

सापळा किती घट्ट धरतो, हे त्याच्या बंधन-ऊर्जेवर ठरते. डिसलोकेशनभोवतीचा ताणलेला प्रदेश हायड्रोजनला प्रतिमोल २० ते २७ किलोज्यूल इतक्या सौम्यपणे धरतो. गाभ्यातील खोल जागांची पकड ६० किलोज्यूलच्या आसपास असते. कम्निक आणि जॉन्सन या संशोधकांनी १९८० मध्ये, ६० टक्क्यांपर्यंत कोल्ड वर्किंग केलेल्या लोखंडावर, पारगमनाच्या (हायड्रोजन धातूतून पलीकडे जाण्याच्या) मोजणीतून हा आकडा काढला. त्यांच्या निष्कर्षांतला मला सर्वांत उपयोगी वाटणारा भाग वेगळाच आहे. विरूपणाने सापळ्यांची संख्या वाढली, पण प्रत्येकाची पकड बदलली नाही. आणि ही वाढ पहिल्या थोड्या विरूपणात झपाट्याने झाली, नंतर मंदावत गेली.

आपल्या अहवालाचे कोडे इथेच सुटते. आपले ‘सरळ’ तुकडे विरूपण न झालेले नाहीतच. तार ओढताना तिच्या छेदाचे क्षेत्रफळ तीन-चतुर्थांशाहून अधिक घटले असेल, तर तिच्यात आधीच दीडच्या आसपास खरी विकृती (मूळ मापाच्या तुलनेत आकार किती बदलला याचे माप) साठलेली आहे. ६ मिलिमीटरची तार १५ मिलिमीटर मध्य-त्रिज्येवर वाकवली तर पृष्ठभागावर सुमारे २० टक्के विकृतीची भर पडते, मध्याकडे त्याहून कमी. आधीच भरलेल्या सभागृहात चार खुर्च्या जास्त टाकल्यासारखी ती भर आहे. एकूण हायड्रोजन मोजणाऱ्या उपकरणाला तिचा फरक दिसणार नाही. खरी तुलना करायची असती तर त्याच तारेचा एक तुकडा अॅनील करून तिसरा नमुना म्हणून ठेवायला हवा होता.

विरूपणाने हायड्रोजन वाढतो हे पद्धतशीरपणे दाखवण्याचे श्रेय सामान्यतः डार्कन आणि स्मिथ यांच्या १९४९ मधील कामाला दिले जाते. अॅसिडमध्ये बुडवलेल्या कोल्ड रोल्ड (थंड लाटलेल्या) पोलादाने हॉट रोल्डपेक्षा (तापवून लाटलेल्यापेक्षा) कितीतरी जास्त हायड्रोजन घेतला आणि तो आत-बाहेर मात्र जास्त सावकाश गेला, हे त्यांनी एकाच वेळी मांडले. पुढे १९६३ मध्ये मॅकनॅब आणि फॉस्टर यांनी सापळ्यांसह विसरणाचे (अणू धातूत पसरत जाण्याचे) समीकरण लिहिले आणि १९७० मध्ये ओरियानी यांनी ते स्थानिक समतोलाच्या गृहीतकाने वापरण्याजोगे सोपे केले. त्या समीकरणाचा आशय साध्या शब्दांत असा: हायड्रोजनचा अणू जालकातून विलक्षण चपळाईने पळतो, पण वाटेत त्याला सापळे लागतात आणि प्रत्येकात तो काही काळ अडकून पडतो. सापळे वाढले की मुक्काम वाढतात. त्यामुळे साठा जास्त आणि वेग कमी या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

वेगाचे आकडे पाहिले की विषय अधिक स्पष्ट होतो. शुद्ध अॅनील केलेल्या लोखंडात खोलीच्या तापमानाला विसरणांक (पसरण्याच्या वेगाचे माप) सेकंदाला सुमारे ७ × १०⁻⁹ चौरस मीटर आहे. त्या हिशेबाने आपल्या तारेच्या मध्यापासून पृष्ठभागापर्यंतचे ३ मिलिमीटर कापायला वीस-एकवीस मिनिटे लागतील. कोल्ड वर्किंग केलेल्या पोलादात मोजलेला प्रभावी विसरणांक १०⁻¹¹ च्या घरात येतो, आणि तेच अंतर कापायला दहा दिवस लागतात. हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर एक साधा प्रयोग करून पाहावा. पिकलिंगनंतर लगेच अॅनील केलेला आणि ओढलेला असे दोन तुकडे धुऊन, पुसून, ४५ अंशांच्या ग्लिसरीनमध्ये वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत सोडावेत. पहिल्या तुकड्यावरून बुडबुड्यांची माळ भरभर निघते आणि थोड्याच वेळात थांबते. दुसऱ्यावर बारीक बुडबुडा चिकटून फुगत राहतो, सुटतो, बराच वेळ काही होत नाही, मग त्याच ठिकाणी दुसरा दिसू लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आलो तरी तो खेळ चालूच असतो. विल्यम जॉन्सन यांनी १८७५ मध्ये, अॅसिडमधून काढलेले लोखंड मोडून तुटलेला भाग ओला केला की तिथे फेस येतो, हे नोंदवले होते. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या निरीक्षणात हायड्रोजन ठिसूळपणाच्या शास्त्राची सुरुवात आहे, आणि अजूनही नवख्या पर्यवेक्षकाला पटवण्यासाठी मला त्याहून चांगली युक्ती सापडलेली नाही.

मग आकडेच का तडकले? तडे वाकाच्या आतल्या बाजूने आहेत, ही आपण दिलेली नोंद माझ्या मते अहवालातील सगळ्या संख्यांपेक्षा मोलाची आहे. वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते, म्हणून तडा बाहेरच्या बाजूला जाईल असे सहज वाटते. पण साच्यातून सुटल्यावर तार थोडी मागे उसळते. या उसळीत बाहेरच्या तंतूंवर उरलेला ताण दाबाच्या दिशेचा होतो आणि आतल्या तंतूंवर ओढीच्या दिशेचा. विकृती दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी आहे, डिसलोकेशनही सारख्याच, म्हणजे सापळ्यांत बसलेला हायड्रोजनही सारखाच. तरी तडा फक्त आतून जातो. याचा अर्थ, आपल्या प्रकरणात साठ्याने तडा पाडलेला नाही. उरलेल्या ओढीच्या ताणाने साठ्यातील सुट्या हायड्रोजनला हाताशी धरून तो पाडला आहे.

प्रत्यास्थ (धातूचा आकार कायमचा न बदलणारा) ताण हायड्रोजनला कसा खेचतो, याचेही गणित सोपे आहे. लोखंडात शिरलेला हायड्रोजनचा प्रत्येक अणू जालक किंचित फुगवतो. एका मोलमागे ही फूग सुमारे २ घनसेंटीमीटर असते. जिथे जालक आधीच ओढलेले आहे तिथे हे फुगणे स्वस्तात होते. सर्व बाजूंनी सरासरी ३०० मेगापास्कल ओढ असेल तर तेथील जालकातील हायड्रोजन खोलीच्या तापमानाला सुमारे २७ टक्क्यांनी वाढतो. एखाद्या खाचेच्या किंवा डायच्या ओरखड्याच्या टोकाशी १५०० मेगापास्कल गाठले गेले तर तो तिपटीहून जास्त होतो. सापळ्यांच्या हजारपटीपुढे या संख्या क्षुल्लक दिसतात खरे, पण हा हायड्रोजन फिरता आहे, आणि तो नेमका तिथेच गोळा होतो जिथे धातू फाटायला टेकलेला असतो. दोन-तीन दिवसांचा उशीर याच गोळा होण्याचा आहे. सापळ्यांतून सुटत, अडखळत तो तिथे पोहोचेपर्यंत आकडा ठणठणीत दिसतो आणि निरीक्षक लॉट पास करून मोकळा झालेला असतो.

सरळ तार टिकली यामागे आणखी एक कारण आहे. ओढलेल्या परलाइटी तारेत फेराइट (जवळजवळ शुद्ध लोखंड) आणि सिमेंटाइट (लोखंड-कार्बनचे कठीण संयुग) यांचे थर तारेच्या लांबीच्या दिशेने झोपलेले असतात, त्यामुळे आडव्या तड्याला प्रत्येक थर ओलांडावा लागतो. पूर्वप्रतिबलित (आतल्या तारा आधीच ताणलेल्या) काँक्रीटमध्ये १८६० मेगापास्कल वर्गाची ओढलेली तार वापरता येते ती यामुळेच. तेवढ्याच ताकदीची, क्वेंच करून (तापवून झटकन थंड करून) टेंपर केलेली (पुन्हा मध्यम तापवलेली) तार हायड्रोजनपुढे लवकर हार मानते. तेव्हा विरूपण म्हणजे नेहमी वाईटच, असे समजू नये. पृष्ठभागावर शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा) केले तर तेही विरूपणच असते, तेही सापळे वाढवते, पण त्याने उरणारा ताण दाबाचा असल्यामुळे ते सहसा मदतच करते.

पोलाद थंड अवस्थेत वाकत असतानाच हायड्रोजन उपलब्ध असेल, तर चित्र अधिक बिघडते. सरकणाऱ्या डिसलोकेशन आपल्याभोवतीचा हायड्रोजन सोबत घेऊन जातात, अशी कल्पना बास्तिएँ आणि अझू या संशोधकांनी १९५१ मध्ये मांडली. त्याच वेळी पृष्ठभागावरील ऑक्साइडचा पापुद्रा सरकण्याच्या पायऱ्यांवर फुटतो आणि उघडा धातू हायड्रोजनला वाट देतो. म्हणून हळू ताण देऊन केलेल्या चाचणीत ठिसूळपणा उघड होतो आणि झटक्यात तोडलेल्या नमुन्यात तो दिसत नाही. आपल्या क्रमात वाकवणे आधी आणि पिकलिंग नंतर आहे, हे त्यातल्या त्यात बरे आहे. उलट क्रम मी एका कारखान्यात पाहिला आहे: पिकलिंग करून लगेच क्लिप वाकवल्या जात, आणि रात्रपाळीत डब्यातून ‘टिक, टिक’ असे आवाज येत. तडकणाऱ्या क्लिपांचे ते आवाज तिथल्या कामगारांना आधी उंदरांचे वाटले होते.

थोडे विषयाच्या कडेचे, पण आपल्याकडे स्टेनलेसचेही आकडे बनत असतील म्हणून सांगतो. ३०४ प्रतीचे स्टेनलेस पोलाद वाकवले की वाकाला लोहचुंबक चिकटू लागतो, कारण विरूपणाने ऑस्टेनाइट या स्फटिकरचनेचा काही भाग मार्टेन्साइट या दुसऱ्या रचनेत बदलतो. ऑस्टेनाइटमध्ये हायड्रोजन भरपूर विरघळतो पण अत्यंत सावकाश फिरतो. मार्टेन्साइटमध्ये कमी विरघळतो पण हजारो पटींनी वेगाने फिरतो. इथे विरूपणाने वेग घटत नाही, उलट हायड्रोजनला आत धावायला रस्ते तयार होतात. ३१६एल मध्ये हा बदल बराच कमी होतो.

हायड्राइड (हायड्रोजनशी संयुग) बनवणाऱ्या धातूंचा कायदाही निराळा आहे. पॅलेडियमवर कोल्ड वर्किंग केले की कमी दाबाला त्याची विद्राव्यता वाढते, पण हायड्राइड तयार होताना आकारमान १० टक्क्यांच्या आसपास वाढते आणि त्या फुगण्यानेच धातू स्वतःला विरूपित करून घेतो, म्हणून पहिल्या फेरीनंतर मूळ फरक फारसा उरत नाही. मॅग्नेशियमचे हायड्राइड वजनाच्या ७.६ टक्के हायड्रोजन धरते. बॉल मिलिंगने (गोळ्यांच्या चक्कीत दळल्याने) ते प्रमाण वाढत नाही, फक्त शोषणाचा वेग वाढतो. टायटॅनियम-लोह संयुग एरवी उष्णता देऊन जागवावे लागते, पण जपानमधील क्यूशू विद्यापीठातील संशोधकांनी प्रचंड दाबाखाली पिळून ते त्याविना हायड्रोजन घेते करून दाखवले. झिर्कोनियममध्ये तर किती हायड्रोजन आहे यापेक्षा उरलेला ताण कुठे आहे हेच निर्णायक ठरते. कॅनडातील पिकरिंग अणुभट्टीच्या तिसऱ्या युनिटमध्ये १९७४ मध्ये १७ दाबनळ्या गळू लागल्या. जोड बसवताना नळी प्रमाणाबाहेर रोल केली गेली होती, आणि त्या विरूपणाने मागे ठेवलेल्या ओढीच्या ताणाकडे हायड्रोजन सरकत जाऊन हायड्राइडच्या पापुद्र्यांनी तडे पुढे ढकलले. आपल्या आकड्याची आणि त्या नळीची गोष्ट बरीच सारखी आहे.

आता बेकिंगकडे वळू. २०० अंशांना खोल सापळ्यांची पकड ढिली होते. ६० किलोज्यूलच्या सापळ्याचा हिशेब केला, तर खोलीच्या तापमानाला, एक वातावरण दाबाशी समतोलात, तो ९९ टक्के भरलेला असतो. जालकातील प्रमाण तेच ठेवून २०० अंशांना तो जेमतेम दीड टक्का भरलेला राहतो. उघड्या तारेतून हायड्रोजन निघून जायला, सापळ्यांची संख्या किती धरली यावर, अर्धा तास ते पाच तास पुरावेत. पण आपली तार उघडी नाही, तिच्यावर जस्त आहे, आणि जस्तातून हायड्रोजन फार कष्टाने जातो. अशा वेळी बेकिंगमध्ये हायड्रोजन बाहेर पडण्यापेक्षा आतल्या आत पांगण्याचे आणि थंड होताना पुन्हा खोल सापळ्यांत शिरण्याचे काम जास्त होते. चार तास अपुरे आहेत असे माझे मत आहे. आठपेक्षा कमी मी देत नाही, आणि ताकद जास्त असेल तर चोवीसपर्यंत जातो. प्लेटिंगनंतर भट्टीत जायला चार तासांपेक्षा जास्त वेळ लागू देऊ नये, आणि क्रोमेटचे पॅसिव्हेशन (जस्ताला गंजापासून जपणारा थर देणे) बेकिंगनंतर करावे, नाहीतर तो थर उष्णतेने निकामी होतो. एकदा बारीक तडा पडला की मग कितीही भाजले तरी तो बुजत नाही.

तरीही बेकिंग हा आपला पहिला उपाय नसावा. आंबट (हायड्रोजन सल्फाइड असलेल्या) वायूच्या सेवेसाठी असलेल्या आयएसओ १५१५६ या मानकात, थंड विरूपणाने बाहेरच्या तंतूची विकृती ५ टक्क्यांहून जास्त झाली तर कार्बन पोलादाला किमान ५९५ अंशांचे स्ट्रेस रिलीव्हिंग (तापवून आत उरलेला ताण उतरवणे) आणि शेवटी २२ रॉकवेल सी एवढ्या कठीणपणाची मर्यादा घातलेली आहे. त्या तापमानाला डिसलोकेशनच विरून जातात. पण आपल्या तारेची ताकदही त्यांच्याबरोबरच जाईल, म्हणून तो मार्ग आपल्याला बंद आहे. आपण आकडे वाकवल्यानंतर आणि अॅसिडला स्पर्श होण्याआधी २५० अंशांना अर्धा तास स्ट्रेस रिलीव्हिंग करावे, जसे स्प्रिंगवाले गुंडाळीनंतर करतात. डिसलोकेशन त्याने फारशा कमी होणार नाहीत, अहवालातील हायड्रोजनही जवळपास तेवढाच येईल, पण आतल्या बाजूची ओढ लक्षणीय उतरेल. त्यानंतर पिकलिंगऐवजी शॉट ब्लास्टिंग (गोळ्यांच्या माऱ्याने सफाई) करता आले तर उत्तम. अॅसिड वापरावेच लागले तर वेळ मिनिटांत मोजावा, तासांत नाही. इनहिबिटर (अॅसिडचा धातूवरील मारा रोखणारे रसायन) घालताना पुरवठादाराला नेमके विचारावे की तो लोखंडाचे विरघळणे कमी करतो की हायड्रोजनचे शिरणेही, कारण काही इनहिबिटर पहिले काम चोख करतात आणि दुसऱ्यात भरच घालतात. प्लेटिंग सोडून झिंक फ्लेकचा (जस्ताच्या बारीक पापुद्र्यांचा) थर ग्राहकाला चालत असेल तर विद्युत-प्लेटिंगमधून येणारा हायड्रोजनच टळतो.

पुढच्या लॉटपासून प्रत्येक बॅचमधले काही आकडे साच्यात, प्रत्यक्ष वापरातील ताणापर्यंत ओढून, ४८ तास धरून ठेवावेत आणि मगच माल सोडावा. त्यांच्याबरोबर एक आकडा स्ट्रेस रिलीव्हिंग न केलेला ठेवावा. तो तडकला आणि बाकीचे टिकले, तर बदल कामी आला असे धरायला हरकत नाही.